तुळशीचं पाणी कुठं जातं

जून उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत तलावांची चौकट यायला लागते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. नावापुढे पातळी, साठा, टक्के. वाचणारा भातसाचा आकडा बघतो, पाणीकपात होणार का याचा अंदाज बांधतो आणि पान उलटतो. सगळ्यात शेवटच्या तुळशीकडे कुणी बघत नाही, आणि त्यात वाचणाऱ्याची चूकही नाही. तुळशीची क्षमता ८०४.६ कोटी लिटर. मुंबईला रोज लागतं जवळपास ३८५ कोटी लिटर. अख्खं शहर एकट्या तुळशीवर सोडलं तर तिसऱ्या दिवशी नळाला फक्त हवा. एका भातसात असे नव्वदेक तुळशी मावतील.

पण बाकीचे पाच तलाव ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत आहेत. मुंबईच्या हद्दीत दोनच, विहार आणि तुळशी. त्यातला तुळशी तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पार आत, चहूबाजूंनी जंगल. १८७९ साली बांधून पूर्ण झालेला. मी कांदिवलीची, नॅशनल पार्क म्हणजे माझ्यासाठी घरामागचं परसच. तरीही तुळशी पाहिलेला माणूस मला फारसा भेटला नाही, कारण तिथं जायला बंदी आहे. पिण्याचं पाणी, पाण्यात मगरी, काठाला बिबट्यांचं रान. कारणं पटण्यासारखी आहेत, वाद घालण्यात अर्थ नाही.

तुळशीचं पाणी कुठं जातं ते बघायला निघाले तेव्हाचे माझे सोबती म्हणजे अण्णाकाका. वडिलांचे चुलतभाऊ, पालिकेच्या जलखात्यातून चावीवाले म्हणून निवृत्त झालेले. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हची चावी ठरलेल्या वेळी फिरवून एकेका भागाला पाणी सोडायचं, वेळ संपली की बंद करायचं, ही त्यांची नोकरी. पाच मिनिटं उशीर झाला तरी लोक घरापर्यंत भांडायला येत, असं ते अभिमानानं सांगतात. "आयुष्य गेलं पाणी सोडण्यात, पण तलाव म्हणून एक बघितलेला नाही," असं ते गणपतीत बोलून गेले आणि मी त्यांना तिथंच पकडलं. तुळशी भरला की विहारात सांडतो. विहार भरला की त्याचं पाणी मिठी नदीला जातं आणि पवईचंही मिठीलाच. आपण वरून सुरुवात करू आणि पाण्यासोबत खाली येऊ, एवढंच ठरलं. जुलैमध्ये हे तिन्ही तलाव भरून वाहिले होते. शिवाय २०२४ हे कारवी फुलण्याचं वर्ष.

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत हायवेपर्यंत गेलं की समोरच पार्काचं गेट. सकाळी साडेसातला तिथं निम्मी बोरिवली चालायला आलेली असते. ट्रॅकसूट, कुत्र्यावरून वाद, हास्यक्लब. गेटच्या आत पाड्यांवरच्या बायका काकड्या आणि कंटोळी घेऊन बसल्या होत्या. काकांनी काकड्यांचा भाव केला, मावशींनी तो मानला नाही आणि काकांनी मावशींच्या भावानंच घेतल्या. "तिखटमीठ जास्त लावा," एवढी तडजोड मात्र करून घेतली.

कान्हेरी गेटपासून सहा-सात किलोमीटर. पार्काच्या बसनं गेलो. उतरल्यावर पहिला उपदेश आमच्या वाटाड्यानं केला: हातात खाण्याची पिशवी धरायची नाही. पार्कातल्याच एका पाड्यावरचा हा तरुण, वरच्या वाटेला सोबत येणार होता. त्याचं बोलून होईपर्यंत एका माकडानं शेजारच्या कुटुंबाची वेफर्सची पुडी उचललीसुद्धा, आणि एकेक वेफर वास घेऊन खाल्ला.

कान्हेरीबद्दल लिहायला बसलं तर तलाव राहूनच जाईल. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेलं आणि हजारेक वर्षं चाललेलं काम. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती. सगळे तिथं फोटो काढतात, आम्हीही काढले. काका मात्र मूर्तींसमोर दोन मिनिटं थांबले आणि पाण्याच्या टाक्यांपाशी अर्धा तास.

इथं जवळपास प्रत्येक लेण्याला आपली पोढी आहे. दाराच्या एका अंगाला कातळात खोदलेलं टाकं, वर चौकोनी तोंड, आत अंधारात पाणी. पावसाचं पाणी टाक्यात यावं म्हणून वरच्या उतारावर पन्हळी खोदल्या आहेत, बोटभर खोल, कुठं तळहाताएवढ्या रुंद. काका उकिडवे बसले आणि एका पन्हळीत बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. ते वळणावर जरा थांबलं, मग नीट टाक्याच्या दिशेनं निघालं.

"उतार बघितलास का? दोन हजार वर्षं झाली, अजून लाईन चोकअप नाही. आमच्याकडे दोन वर्षांत होते."

या पोढ्या आणि लेणी खोदायला पैसे कुणी दिले तेही कोरून ठेवलेलं आहे. कल्याण, सोपारा, नाशिक इथले व्यापारी, सोनार, गृहस्थ, भिक्षुणी. लेण्यांच्या मधून जो ओढा वाहतो त्यावर भिक्षूंनी दगडी बांधही घातला होता. डिसेंबरनंतर थेंब न पडणाऱ्या डोंगरावर शेकड्यानं माणसं राहायची तर पाणी अडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. इंग्रजांनी याच डोंगरात तलाव बांधायला घेतले तेव्हा जागा चांगलीच आजमावलेली होती, असं म्हणायला हरकत नाही.

लेण्यांच्या माथ्यावर आलो आणि कारवी सुरू झाली.

कारवी एरवी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पुरुषभर उंचीची झुडपं, खरखरीत मोठी पानं, उतारच्या उतार व्यापून बसलेली. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते आणि फुलून झालं की मरते. इथल्या कारवीचा हिशेब २००८, २०१६, २०२४ असा चालत आलाय. आम्ही गेलो तेव्हा बहर निम्म्यावर होता. काही उतार निळसर जांभळे, काही अजून कळ्यांत. एक फुलोरा हातात धरून नीट बघितला. घंटेच्या आकाराचं फूल, बाहेरून फिकट, आत घशाशी गडद रेघा. कळ्यांवरचे केस चिकट, बोटाला काहीतरी लागून राहतं आणि त्याला उग्र हिरवा वास येतो. माशी आत शिरली की अख्खी गडप होते आणि पाठीवर पराग घेऊन मागं सरकत बाहेर येते. सगळा उतार मधमाश्यांनी घुमत होता. एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागत नव्हता, पण ती गुणगुण विसरताही येत नव्हती.

वाटाड्यानं वाळलेली जुनी काठी मोडून दाखवली. "याच्याच भिंती असतात आमच्या. कारवी उभी बांधायची, वरून माती-शेणाचं लिंपण. उन्हाळ्यात पंखा लागत नाही." आणि बी? ते आता फळात पिकत बसणार आणि पुढच्या वर्षी पहिला पाऊस लागला की सुकलेली फळं तडतड फुटून बी उडणार. "रातच्याला आवाज येतो, बाबा. नवीन माणूस घाबरतो."

काका बोटांवर हिशेब करत म्हणाले, "म्हणजे आता २०३२." मग स्वतःशीच, "तेव्हा गुडघे बदललेले असतील, येऊ."

कारवी संपून ऐन, बोंडारा, मोई अशी झाडं लागली. मधेच एक कांडोळ, गोऱ्या सालीचा. अंधारात हा झाडोबा कसा दिसत असेल ते सांगायला नको. वाटेत एका उघड्या दगडावर बिबट्याची विष्ठा पडली होती, जुनी, पांढरट, आत केस. वाटाड्यानं काडीनं उकलून चितळाचे केस दाखवले. "उघड्यावरच टाकतो तो. हद्द सांगायची असते ना." काकांनी त्यानंतर मागं वळून बघण्याचं प्रमाण वाढवलं.

आणि मग एका मोकळ्या कातळावर आल्यावर आग्नेयेला खाली तुळशी दिसला.

मला वाटलं होतं त्याहून लहान. खरंच लहान. हिरव्या टेकड्यांच्या खोलगट भागात पसरलेलं करडं पाणी, काठ वेडावाकडा, ठिकठिकाणी जंगलाच्या बोटांत शिरलेला. बांध शोधावा लागला. माणूस नाही, होडी नाही, घाट नाही, काठावर एक हॉटेल नाही. मुंबईत पाण्याच्या काठाची एवढी जागा रिकामी बघायची डोळ्यांना सवयच नाही. दुसऱ्या बाजूला वळलं तर बोरिवलीचे टॉवर, त्यांच्या पल्याड खाडी आणि गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस. मान वळवायचा अवकाश, दोन्ही दिसतं.

तुळशीच्या दक्षिणेला धुक्यात आणखी एक मोठं पाणी अंधुक चमकत होतं. तो विहार. काकांनी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं, जुलैमधलं. तुळशी भरून वाहण्याची पातळी १३९.१७ मीटर, विहारची ८०.१२ मीटर. "हे समुद्रापासूनचं नाही हं," काकांनी बजावलं, "टाऊन हॉल डेटमचं, म्हणजे शहरानं स्वतः ठरवलेल्या शून्यापासूनचं माप आहे, आमच्या खात्यात तेच चालतं." माप कुठलंही असो, दोन्हींत ५९ मीटरचा फरक, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. तुळशीचं सांडलेलं पाणी विहारात आपल्या पायांनी जातं, पंप लागत नाही. काकांना हे फार आवडलं. पंपावर त्यांचा जुना राग आहे, वीज गेली की शिव्या चावीवाल्याला पडायच्या.

एक सर्पगरुड तलावावर घिरट्या घालत होता, शीळ घालत. ती शीळ कानावर पडत असतानाच खालून बोरिवलीकडून एका गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न आला, हिंदी गाण्याचा. मी तक्रार करत नाही, नोंदवते आहे.

उतरताना पाऊस आला आणि चांगला आला. बसच्या रांगेत चिंब होऊन उभं राहण्यात पाऊण तास गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

तुळशीच्या काठाला जाता येत नाही, मग तसंच जंगल जवळून बघावं म्हणून आज शिलोंडा. पार्कातली ही वाट ओढ्याच्या काठाकाठानं जाते. आधी परवानगी घ्यावी लागते, सोबत माहीतगार असावाच लागतो. कालचाच मुलगा आला. काकांचे पाय दुखत होते, पण "तू एकटी जाऊन मला नंतर सांगशील, ते नको," म्हणून तेही.

हे पाणी तुळशीत जात नाही, ते मी काकांना आधीच सांगितलं. पण डोंगर तोच, माती तीच. तुळशीला पाणी मिळतं ते भोवतीच्या ६.७६ चौरस किलोमीटर रानावर पडणाऱ्या पावसाचं, दुसरी कुठली मोठी नदी त्याला मिळत नाही. तेव्हा असल्या ओढ्यात जे दिसतं तेच तिकडे शंभर घळींतून चाललेलं असणार.

काल संध्याकाळपर्यंत पाऊस झालेला. हायवेच्या गटारातून चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं. इथं ओढ्यात तळाचे गोटे दिसत होते. काका पाण्यात हात घालून बघत राहिले.

"गढूळ का नाही गं?"

उत्तर वाटाड्यानं दिलं. वाटेच्या कडेला त्यानं पाल्याचा थर हातानं बाजूला केला. वर सुकलेली पानं, खाली अर्धवट कुजलेली, त्याखाली पांढऱ्या बुरशीच्या तारा, मग काळी भुसभुशीत माती, त्यात एक गोम पळाली. वीतभर खोलीत चार घरं. पाऊस आधी झाडावर पडतो, मग पाल्यावर, मग या स्पंजात मुरतो. ओढ्यात येतो तो खालून, झिरपत. "एप्रिलपर्यंत डबक्यात पाणी असतं काही ठिकाणी," तो म्हणाला, "चितळं तिथंच येतात. आणि चितळं आली की तोही येतो." बिबट्याचं नाव तो घेत नव्हता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. पाड्यावर वाघोबाचं ठाणं आहे, वाघबारशीला पूजा असते, बाकी दिवस त्यानं त्याच्या वाटेनं जावं आणि आपण आपल्या.

वाटेवर आडवी पसरलेली जाळी चुकवत चालावं लागत होतं. सप्टेंबर म्हणजे जायंट वूड स्पायडरचा महिना. या कोळिणीचं जाळं दोन झाडांच्या मधे माणसाच्या उंचीवर, आणि तिरपं ऊन पडलं की रेशीम चक्क पिवळं दिसतं. मादी पाय पसरून बसली की तळहात भरेल. मी डोळे जवळ नेऊन बघत होते तेवढ्यात वाटाड्या म्हणाला, "ताई, नवरा बघा नवरा." जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तांबूस ठिपक्याएवढं काहीतरी. तो तिचा नर. तिचं खाणं चालू असतानाच तो जवळ जातो, कारण तेव्हा तिचं लक्ष नसतं. काका मोठ्यानं हसले आणि काकूंना फोन लावायला गेले. रेंज नव्हती.

ओढ्याकाठी तेरडा फुललेला, ओल्या खडकावर खेकड्यांची ये-जा. पाण्यावर टाचण्या, म्हणजे चतुरासारखेच पण बारीक कीटक, उडत होते. टाचणी बसताना पंख मिटून पाठीवर धरते, चतुर पसरून ठेवतो. हे एकदा कळलं की दोघांत घोळ होत नाही. एक नीलवंत फुलपाखरू मात्र सगळ्यांच्या वर, काळ्या मखमलीवर निळे पट्टे. २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे आणि वागतंही तसंच, कुणापाशी थांबत नाही.

तिबोटी खंड्या दिसावा म्हणून मी आले होते, हे खरं सांगायचं तर मुख्य कारण. चिमणीपेक्षाही लहान पक्षी, पावसाळ्यात इथं घरटं करायला येतो, ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ खणून. अंगावर इतके रंग की शाळकरी मुलानं सगळे खडू वापरलेत असं वाटावं. वाटाड्यानं एका वळणावर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. डास. काकांच्या पायाला जळू. मीठ चोळून ती काढली. स्वर्गीय नर्तकाची एक मादी येऊन गेली, लांब शेपटीचा नर नाही आला. दूर धनेशाचा आवाज. पाऊण तासानं एक बारीक, धारदार "ची" ऐकू आली, पाण्याच्या अगदी लगत काहीतरी नारिंगी रेघ ओढत गेलं आणि पलीकडच्या मुळांत नाहीसं झालं. एवढंच. वाटाड्या म्हणाला, तोच. मी यादीत टाकला. काकांच्या मते ते पान होतं, आणि त्यांनी आजतागायत मत बदललेलं नाही.

परतताना एका ठिकाणी ओढ्यात वेफर्सची रिकामी पाकिटं आणि पाण्याच्या दोन बाटल्या अडकल्या होत्या. वाटाड्यानं न बोलता उचलून पोत्यात टाकल्या. तुळशीला कुलूप का हवं, हे मला बोलून दाखवायची गरज पडली नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

बुधवारी, पंचवीस तारखेला, मुंबईत धो धो पाऊस झाला. लोकल खोळंबल्या, दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी. तेव्हा आजचा दिवस पाणी बघायला उत्तम.

गोरेगावहून आरेच्या रस्त्यानं पवईकडे. आरे दूध वसाहत १९४९ सालची. मुंबईतल्या म्हशींच्या गोठ्यांसाठी वसवलेली ही जागा आता शहराच्या नकाशावरचा सगळ्यात भांडणाचा हिरवा तुकडा झाली आहे. छोटा काश्मीरच्या तळ्याकडे रिक्षातूनच नजर टाकली. शाळेच्या सहलीला आलेल्या कुणालाही ते ओळखीचं आहे, नव्यानं लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

विहारही पालिकेच्या कुलपात. १८५६ ला काम सुरू झालं, १८६० ला पूर्ण. मुंबईला नळानं पाणी पहिल्यांदा आलं ते विहारचं. त्याआधी विहिरी आणि टाकीच. गिरगावातली निम्मी जुनी नावं त्या टाक्यांचीच आहेत हे काकांनी रिक्षावाल्याला समजावून सांगितलं. रिक्षावाला जौनपूरचा, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या गावच्या पाण्याचा विषय काढला. मग दोघांचं पवईपर्यंत जमलं.

पवई १८९१ सालचा. पिण्यासाठी म्हणून बांधला, पण पाणी त्या लायकीचं राहिलं नाही. क्षमता ५४५.५ कोटी लिटर, म्हणजे तुळशीच्या दोन तृतीयांश. पण वर्तमानपत्राच्या चौकटीत त्याला जागा नाही, कारण हे पाणी कारखाने आणि आरेसाठी जातं. तुळशी आणि पवई यांच्यात सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरही नसतील. एकाच्या काठाला आजही रान, दुसऱ्याच्या काठाला आयआयटी, हॉटेलं, टॉवर आणि सहापदरी रस्ता. मधे तेवढाच विहार.

गणेश घाटावर विसर्जनाला अकरा दिवस झाले होते. पालिकेची माणसं लाकडी पाट आणि लोखंडी सांगाडे टेम्पोत भरत होती. घाटाच्या बाजूनं जलपर्णी दूरवर पसरलेली, जाड, चकचकीत, मधे जांभळी फुलं. दिसायला सुंदर म्हणून एका बाईनं फुलं तोडून घेतली. या वनस्पतीला सांडपाणी मानवतं. जितकं जास्त जाईल तितकी ती फोफावते, खालच्या पाण्याला ऊन मिळू देत नाही आणि मासे गुदमरतात. यंत्रानं काढली तरी पुन्हा येते.

आणि तरीही पक्षी. जलपर्णीवरून कमळपक्षी चालत होता, लांब बोटं फाकून, एकेक पाऊल ठेवून बघत. जांभळ्या पाणकोंबड्या शेपटीखालचं पांढरं दाखवत झटके देत होत्या. वंचक तर घाटाच्या कठड्यावरच, माणसापासून दोन हातांवर. शिलोंड्याला पाऊण तास बसून नारिंगी रेघ बघायची आणि इथं रस्त्याच्या कडेला वडापाव खात डझनभर पक्षी मोजायचे. काकांना इथला हिशेब जास्त पटला.

गळ टाकून बसलेल्या एका आजोबांनी मगरीचं सांगितलं. हिवाळ्यात ऊन खायला बेटावर येते, आता पाणी चढलंय, दिसणार नाही. मगरी इथं खऱ्याच आहेत, पाट्याही आहेत. काठानं सायकलचा मार्ग करायचा पालिकेचा बेत होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि घातलेला भराव काढायला लावला. आजोबा म्हणाले, "मगरीनं काय केस टाकली नव्हती, पण जिंकली तीच."

सांडव्याकडे गेलो. बुधवारच्या पावसानं पवई अजून वाहत होता, बांधावरून पातळ पडदा आणि खाली पायऱ्यांवर फेस. पोरं त्याखाली बसून अंघोळ करत होती, पोलीस शिट्टी वाजवत होता, दोघंही एकमेकांना सवयीचे. इथून पुढं या पाण्याचं नाव मिठी. विहारचं सांडलेलंही तिला येऊन मिळतं, म्हणजे आपण कातळावरून बघितलेल्या तुळशीतलं थोडंसं त्यात असणारच. सतरा-अठरा किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तेव्हा याच नदीनं मुंबईला आपली ओळख नव्यानं करून दिली. तोवर बरेच लोक तिला नाला समजत होते.

"एक तारखेला बघतील आता," काका म्हणाले. एक ऑक्टोबरला सातही तलावांचा साठा मोजतात, त्यावर वर्षभराचं गणित ठरतं. "यंदा कपात नाही. चावीवाल्याला कुणी शिव्या घालणार नाही."

मी सुचवलं की पुढच्या शनिवारी मिठीच्या काठानं साकीनाका, कुर्ला, बीकेसी करत माहीमपर्यंत जाऊ, म्हणजे पाणी समुद्राला पोचेपर्यंत बघून होईल. काकांनी सांडव्याच्या पलीकडं वाकून पाहिलं. पन्नास पावलांवर एका झोपडपट्टीचं गटार येऊन मिळत होतं आणि तिथून पुढं पाण्याचा रंग बदलत होता.

"ते तू तुझ्या मैत्रिणींना घेऊन जा," ते म्हणाले. "मला भातसा दाखव. शहापूरला मिसळ चांगली मिळते म्हणतात."